आठवड्यातून एकदा येणारा माणूस

मुंबई महापालिकेतला एक इंजिनिअर आणि विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन औषध कंपनीत नोकरी करणारा एक तरुण, अशा दोघांनी मराठी घरांना टीव्हीवरच्या विनोदी मालिकेची चटक लावली. इंजिनिअर म्हणजे बाळ कर्वे आणि दुसरे दिलीप प्रभावळकर. काळ १९७७ च्या आसपासचा. वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं. पडदा कृष्णधवल, वाहिनी एकच, आणि ती पाहायला शेजारपाजारची मंडळी एकाच घरात जमायची. ‘हमलोग’ यायला अजून सात वर्षं होती. मालिका या प्रकाराची सवय ना प्रेक्षकांना होती, ना ती करणाऱ्यांना. निर्मात्या विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आणायचं ठरवलं. दोन नोकरदार माणसांनी आपापली कचेरी सांभाळून ते उभे केले.

आज हे सोपं वाटतं, पण तेव्हा ते धाडसाचंच होतं. चिमणरावांना मराठी वाचक आधीच चांगले ओळखून होते. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याचे, पालीचे पंडित, आणि लिहायचे ते विनोद. त्यांच्या कथांमधला चिमणराव घराघरांत मोठ्यानं वाचला जायचा. शिवाय १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ काढला होता. त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामूअण्णांचे तिरळे डोळे नुसते पडद्यावर दिसले तरी थिएटरात हशा पिकायचा. त्या पिढीतली बरीच माणसं १९७७ साली हयात होती आणि टीव्हीसमोर बसलेली होती. नव्या चिमणरावाची तुलना कुणाशी होणार, हे सांगायला नकोच.

आणखी एक अडचण होती, आणि अभिनयाच्या दृष्टीनं तीच मोठी होती. चिं. विं.च्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात. आपली फजिती ते आपल्याच तोंडानं, मोठ्या गांभीर्यानं, जणू काही आपलंच बरोबर होतं अशा थाटात सांगतात. वाचकाला हसू येतं ते सांगणाऱ्याचा आव आणि घडलेली गोष्ट यांच्यामधल्या फटीतून. पडद्यावर आलं की हे सांगणं गळून पडतं आणि फक्त प्रसंग उरतो. मग तो आव दाखवायचा कुठं? प्रभावळकरांनी तो आवाजात आणि चेहऱ्यावर ठेवला. बारीक आवाज, बोलण्यात शिष्टपणा, आणि समोर काही भलतंच घडलं की क्षणभर थिजलेला चेहरा. त्या क्षणात चिमणरावांच्या डोक्यात अब्रू कशी वाचवायची याचा हिशेब चाललेला दिसायचा. हे नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं काम नव्हे. हे कॅमेऱ्याला ओळखून केलेलं काम होतं, आणि कॅमेरा ओळखायला त्यांना त्यावेळी फारसा सराव मिळालेला नव्हता. बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ शेजारी धिप्पाड, सोटा घेऊन उभा असायचा. एकाची भीती आणि दुसऱ्याची बेफिकिरी यांची जोडी जमली. १९७९ साली याच जोडीला घेऊन विनय धुमाळे यांनी चित्रपटही केला.

प्रभावळकर तेव्हा तिशी ओलांडून गेलेले होते. जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा, मुंबईचा. रंगभूमीवर ते रत्नाकर मतकरींच्या ‘बालनाट्य’मधून आले. मतकरींनी १९६२ साली ही संस्था सुरू केली आणि लहान मुलांचं नाटक हे मोठ्यांच्या नाटकाइतकंच गंभीरपणे करायचं असतं, हा हट्ट धरला. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण प्रभावळकरांनी केली. पुढे २०१८ मध्ये हे नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले यांनी ती भूमिका केली आणि नाट्यगृहं पुन्हा मुलांनी भरली. पण पहिली चेटकीण प्रभावळकरांची. मुलांचा प्रेक्षक कसा असतो हे ज्यानं विंगेतून पाहिलंय त्यालाच ठाऊक. तो सौजन्यानं हसत नाही, कंटाळला तर उठून पाणी प्यायला जातो, आणि नट स्वतःच गंमत करतोय असं त्याला दिसलं की त्याचा विश्वास उडतो. चेटकीण खरोखर चिडलेली असावी लागते, तरच ती मजेशीर वाटते. प्रभावळकरांच्या पुढच्या सगळ्या विनोदी भूमिकांमध्ये ही एक गोष्ट कायम राहिली: पात्राला आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं.

त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये त्यांनी विदुर केला. महाभारत युद्धानंतरचं वनातलं ते नाटक, त्यात हसण्यासारखं काही नाही. आणि २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा सत्तरी पार केलेल्या प्रभावळकरांनी पुन्हा विदुरच केला. तरुणपणी दाढी चिकटवून केलेला म्हातारा आता मेकअपशिवाय करता येण्याच्या वयात करायला मिळणं, असा योग मराठी नटाच्या वाट्याला क्वचित येतो.

आता चिमणरावानंतरचं. इथे त्यांच्या कारकिर्दीतली खरी कसोटी होती, असं मला वाटतं. टीव्हीवरचा विनोदी नट लोकप्रिय झाला की त्याचं नाव आधी पुसलं जातं. रस्त्यानं जाताना लोक पात्राच्या नावानं हाक मारतात. समारंभाला बोलावतात तेही पात्रालाच. निर्माते येतात ते ‘तसंच काहीतरी’ मागायला, आणि नटाचं घर त्यावर चालत असलं तर तो तसंच काहीतरी देतो. दहा वर्षांनी त्याच्याकडे तेवढंच उरतं. आपल्याकडे याची उदाहरणं भरपूर आहेत, नावं घेण्यात अर्थ नाही.

प्रभावळकर यातून सुटले याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे: नोकरी. महिन्याचा पगार हातात होता, म्हणून ‘नाही’ म्हणता आलं. मराठी रंगभूमीच्या त्या पिढीत बँकेत, महापालिकेत, मंत्रालयात, रेल्वेत चिकटलेले नट खूप होते. संध्याकाळी कचेरी सुटली की तालमीला, शनिवार-रविवारी प्रयोग, दौऱ्यासाठी रजेची जुळवाजुळव. याला हौशी म्हणून नाक मुरडणारेही होते. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, मराठी अभिनयातला बराचसा प्रयोगशीलपणा या मस्टरवरच्या सह्यांनी पोसला. पोटाची काळजी नसलेला नट भूमिका निवडू शकतो. बाळ कर्वेंनी तर नोकरी शेवटपर्यंत केली आणि गुंड्याभाऊ म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिले. ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, नव्वदी ओलांडून. बातम्यांच्या मथळ्यांत त्यांच्या नावाशेजारी ‘गुंड्याभाऊ’ होताच.

प्रभावळकरांच्या नावाशेजारी नेमकं काय लिहायचं, असा प्रश्न मात्र कुणाही उपसंपादकाला पडेल. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये अशोक सराफांच्या भुताशी जमलेला साधाभोळा मास्तर. दूरदर्शनवरच्या ‘साळसूद’मध्ये गोड चेहऱ्याचा खलनायक. हा चिमणरावाच्या चाहत्यांना बसलेला धक्का होता. ज्याला पाहून हसायचं त्याचीच भीती वाटू लागली. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मध्ये मतिमंद मुलाचा बाप, काटदरे. त्या मुलाच्या भूमिकेत अतुल परचुरे होते. आणि मग १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’, ज्यात प्रभावळकर स्वतः नंदू झाले: वयानं वाढलेला, मनानं मूल राहिलेला. म्हणजे अशा मुलाच्या बापाच्या जागी आणि अशा मुलाच्या जागी, दोन्हीकडे हा नट उभा राहून आला. नंदूत जी एक वाईट गोष्ट व्हायची शक्यता होती ती म्हणजे प्रेक्षकांनी त्याला हसणं. दुसरी वाईट शक्यता, नटानं त्याच्यावर दया मागणं. या दोन्ही टाळून नंदूचा हट्ट, राग आणि खोडसाळपणा तसाच ठेवायला विनोदी नटाचीच नजर लागते. राज्य पुरस्कार मिळाला तो या भूमिकेला.

दोन वर्षांनी महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू आला. गंमत पाहा, एका अख्ख्या पिढीनं प्रभावळकरांना ज्या भूमिकेसाठी लक्षात ठेवलं त्यात बराच वेळ पडद्यावर असतो तो रामदास पाध्ये यांचा बाहुला. तरीही तात्या विंचू म्हटल्यावर लोकांना प्रभावळकरच आठवतात. थोडा वेळ दिसून पुढच्या दोन तासांवर आपली सावली टाकायची, हे काम त्यांनी किती सहज केलं! पोरं रात्री घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या नकला करायची.

या सगळ्या मुखवट्यांची जत्रा त्यांनी एकाच नाटकात भरवली ती ‘हसवाफसवी’त. लेखन त्यांचंच, आणि भूमिकाही त्यांच्याच, एक नव्हे सहा. नाना पुंजे, बॉबी मॉड, प्रिन्स वांटुंग पिंटुंग, दीप्ती, अशी एकाहून एक विचित्र माणसं आणि त्यांच्या रांगेत वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर. बहुरूपी नटाचं नाटक म्हटलं की प्रेक्षक हिशेब करायला बसतो: आत्ता आत गेला, आता किती मिनिटांत कपडे बदलून येतो पाहू. तो खेळ होताच. विंगेत रंगभूषाकार, वेशभूषाकार, विग हातात धरून उभा माणूस, अशी घाई कशी असेल याची कल्पना प्रेक्षक करत असतो आणि त्यात त्याला मजा येते. पण पहिल्या दोन-तीन बदलांनंतर हिशेब आपोआप थांबायचा, कारण बाहेर आलेला माणूस खरोखर दुसरा असायचा. उंचीसुद्धा बदलल्यासारखी वाटायची. ती पाठीच्या कण्यातून येत होती, बुटांतून नव्हे.

हेरंबकरांपाशी जरा थांबायला हवं. संगीत नाटकांचा जमाना पाहिलेला हा म्हातारा बोलायला लागला की सुरुवातीला प्रेक्षक हसतात. थरथरणारे हात, मध्येच निसटणारं वाक्य, जुन्या नटमंडळींच्या थोरवीचे दाखले. विडंबन म्हणून हे पुरेसं होतं. संगीत नटांच्या नकला मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. इथे मात्र हळूहळू नाट्यगृहातला आवाज बदलतो. हसणाऱ्या लोकांच्या लक्षात येतं की हा माणूस खरोखर गायलेला आहे, त्याला ते सगळं अजून ऐकू येतंय, आणि गळा मात्र आता त्याचं ऐकत नाही. प्रभावळकर इथे काहीच वाढवत नाहीत. टाळी घ्यायची जागा समोर दिसत असूनही ती सोडून देतात. मराठी रंगभूमीवर ‘ॲडिशन’ घेण्याची, म्हणजे संहितेबाहेरचं वाक्य टाकून हशा वसूल करण्याची, जुनी आणि थोर परंपरा आहे. मी तिच्या विरोधात नाही, तिनं आपल्याला अनेक सुंदर संध्याकाळी दिल्या आहेत. पण हेरंबकरांसारखं पात्र ॲडिशननं मरतं, हे लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या माणसाला एकाच डोक्यात कळत होतं, हा त्या नाटकाचा फायदा. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी याच सहा भूमिका केल्या, आणि त्या पुन्हा कुणी करू धजावलं हे त्या लेखनाचंही यशच.

लेखक प्रभावळकर हा विषय नटाच्या गर्दीत मागे पडतो, तो पडू नये. ‘गुगली’ आणि ‘नवी गुगली’ हे त्यांचं क्रिकेटवरचं विनोदी लेखन, ‘हसगत’, ‘कागदी बाण’, आणि मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’. हा चुणचुणीत, उपद्व्यापी आणि मनानं चांगला बोक्या आधी आकाशवाणीवर भेटला, मग पुस्तकांत, आणि २००९ मध्ये चित्रपटात. ‘एका खेळियाने’ हे आत्मपर पुस्तकही आहे. पण त्यांच्या टीव्ही कारकिर्दीला निर्णायक ठरलं ते ‘लोकसत्ता’तलं सदर, ‘अनुदिनी’. एका म्हाताऱ्याची डायरी. त्यातून २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली.

तो काळ आठवावा लागेल. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली होती. ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’ यांनी खासगी वाहिनीवर मराठी मालिकेची घडी बसवली होती. त्याच सुमारास, २००० साली, हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि देशभरच्या घराघरांत सासवा-सुनांची कारस्थानं रोज रात्री शिजायला लागली. दैनंदिन मालिकेचा कारखाना सुरू झाला. आठवड्याला पाच-सहा भाग म्हणजे वर्षाला ३०० च्या आसपास. चॅनेलकडे एपिसोडची ‘बँक’ हवी, सेटवर सीन आला तसा लावायचा, संवाद कधी कधी त्याच सकाळी हातात. अशा कारखान्यात विनोद होत नाही असं नाही, पण तो एकसुरी होतो. विनोदाला लागणारा एक घटक कारखान्यात मिळत नाही: टाकून देण्याची मुभा. दहा कल्पनांतल्या आठ फेकून दोन ठेवायला वेळ लागतो.

टिपरे आठवड्यातून एकदा यायचे. दिग्दर्शन केदार शिंदेंचं, लेखन गुरू ठाकूर यांचं. आबा म्हणजे प्रभावळकर, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातू शिऱ्या विकास कदम आणि नात शलाका रेश्मा नाईक. पाच माणसांचं मध्यमवर्गीय घर. घरात कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नाही, कुणाची स्मृती जात नाही, कुणी मेलेला परत येत नाही. एखाद्या भागाचा विषय काय तर नव्यानं घरात आलेली वस्तू, नाहीतर मुलीचं कॉलेज, नाहीतर शेजाऱ्यांशी ताणलेले संबंध. एवढ्यावर अर्धा तास.

आबा साकारताना प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते, पात्राच्या वयापेक्षा बरेच लहान. पांढरे केस, चष्मा, किंचित वाकलेली पाठ, जरासं पुटपुटतं बोलणं, हे बाहेरचं झालं. म्हातारा रंगवणाऱ्या बहुतेक नटांकडे एवढंच असतं, त्यावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ची फोडणी घातली की आजोबा तयार. आबांचा मुक्काम दुसरीकडे होता. त्यांना आजच्या गोष्टींचं कुतूहल आहे. नातवाचं बोलणं त्यांना कळत नाही, पण ते कळून घ्यायचा प्रयत्न करतात, चुकीचं कळतं, आणि त्या चुकीच्या समजुतीवर ते कामाला लागतात. विनोद तिथून येतो. तक्रारखोर म्हाताऱ्याला आपण हसतो, आणि उत्सुक म्हाताऱ्याबरोबर आपण हसतो. घरातली धाकटी मंडळी मालिकेला जोडली गेली ती यामुळे, आणि थोरली मंडळी जोडली गेली कारण कुणीतरी त्यांना अडगळ न समजता घरातला चालता-बोलता माणूस म्हणून दाखवत होतं.

त्या मालिकेतले प्रभावळकर पाहताना कधी मुद्दाम एक करा: त्यांचं वाक्य नसताना त्यांच्याकडे पाहा. शेखर आणि श्यामला यांची खडाजंगी चाललीय, आबा कोपऱ्यात आहेत. कॅमेरा त्यांच्यावर नसेलही, पण चौकटीच्या कडेला ते दिसतात. ते ऐकत असतात. ऐकून त्यांचं काहीतरी मत होत असतं, ते मत ते गिळतात, आणि गिळल्याचं आपल्याला कळतं. नाटकात अशा वेळी नट प्रेक्षकांकडे हळूच पाहून हशा घेऊ शकतो. टीव्हीवर समोर प्रेक्षक नसतो. घरातला माणूस कुठे हसेल, किती वेळ हसेल, याचा अंदाज रिकाम्या स्टुडिओत बांधून तेवढी जागा सोडायची असते. जास्त सोडली तर भाग रेंगाळतो, कमी सोडली तर पुढचं वाक्य हसण्यात बुडतं. मागून हशाची टेप वाजवणाऱ्या मालिकांनी हा प्रश्न नटाच्या अंगावरून काढून घेतला आणि सोबत त्याची कलाही काढून घेतली.

मग गांधी. २००६ मध्ये राजकुमार हिरानींच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’नं प्रभावळकरांना देशभर नेलं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो या चित्रपटासाठी आणि गजेंद्र अहिरेंच्या ‘शेवरी’साठी, दोन्हींसाठी मिळून. त्यांच्या गांधींबद्दल खूप बोललं गेलंय, पण त्यातली विनोदी नटाची कारागिरी फारशी कुणी मोजलेली नाही. हे गांधी फक्त मुन्नाला दिसतात. म्हणजे दृश्यात चार माणसं असली तर तिघांसाठी तिथे कुणीच नाही. नटानं हजर राहायचं आणि गैरहजरही. वाचनालयातल्या त्या पहिल्या भेटीत संजय दत्त घाबरून गडबडतो आणि हे शांत, थोडं हसू ओठांत ठेवून उभे. पुतळ्यासारखे मुळीच नाहीत. शेजारच्या घरातले आजोबा सहज डोकवावेत तसे. आणि शेवटाकडे, भर पत्रकार परिषदेत, मुन्नाला जे माहीत नाही ते बापूंनाही सांगता येत नाही, हे उघडं पडतं. तिथे प्रभावळकरांच्या वाट्याला शब्द नाहीत. एवढा वेळ लोकांना हसवणारी ती आकृती तिथे केवळ उभी राहते आणि मुन्नाइतकंच आपल्यालाही वाईट वाटतं. मला त्या उभं राहण्यात आबा टिपरे दिसतात. ऐकण्याचा सराव तिथला होता.

त्यानंतर ‘देऊळ’मधले तत्त्वाला धरून बसलेले अण्णा, ‘नारबाची वाडी’तला मरायला तयार नसलेला नारबा, ‘पोश्टर बॉईज’मध्ये नसबंदीच्या जाहिरातीवर फोटो झळकल्यामुळे गावात तोंड दाखवायची चोरी झालेले जगन देशमुख, अशी पात्रं येत गेली. ‘नारबाची वाडी’ मनोज मित्रांच्या बंगाली नाटकावर बेतलेला. त्यातला म्हातारा लोभी जमीनदारांना एकामागून एक पुरून उरतो. चित्रपट मध्ये मध्ये सैल आहे, नारबा नाही. टीव्हीवर ते २०१७ मध्ये झी मराठीच्या ‘चूकभूल द्यावी घ्यावी’त सुकन्या कुलकर्णींसोबत आले. उतारवयातल्या नवरा-बायकोची ही गोष्ट. चांगली होती, टिपरेंच्या उंचीची नव्हती.

आता टीव्हीवर विनोद म्हटलं की स्किट. ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. या कार्यक्रमांनी कोकणातून, विदर्भातून, मराठवाड्यातून नट आणले, बोली आणल्या, हे त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांत समीर चौघुलेंसारखे देहबोलीचे पक्के नट आहेत. पण त्या रचनेतच एक खोट आहे. पंच पडला की लगेच हसणाऱ्या परीक्षकांचा, पाहुण्यांचा शॉट. प्रेक्षकानं कधी हसायचं ते त्याला दाखवून द्यायचं. दर काही सेकंदांनी हशा हवाच, म्हणून आवाज चढा, मग त्याच्यावर दुसऱ्याचा आवाज आणखी चढा. गिळलेलं मत दाखवायला तिथे जागा नाही. आणि दहा-बारा मिनिटांच्या स्किटमध्ये पात्र जगतं ते तेवढ्यापुरतं. वर्षानुवर्षं त्याच्या घरी जाऊन बसावं असं त्याचं घरच नसतं. नट तेच, प्रतिभाही तेवढीच. आठवड्याला एक शांत, लिहून-खोडून केलेला अर्धा तास देणारा निर्माता मात्र कुणी दिसत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आला आणि एक्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री झाले, दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी नट. कोकणात जत्रेच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारा हा खेळ. नटानं आपला पेटारा उघडून स्वतःच रंगायचं, संवाद बरेचसे जागच्या जागी रचायचे, पुरुषांनीच बायका व्हायचं. वयाच्या या टप्प्यावर मोठे नट खुर्चीत बसून आशीर्वाद देण्याच्या भूमिका घेतात. यांनी रंग फासून, जड पोशाख चढवून, एकामागून एक रूपं घेतली. लोकांनी थिएटरं भरली. चित्रपटाच्या उत्तरार्धाबद्दल माझ्या मनात शंका आहेत, सूडाच्या कथेनं त्यातल्या कलावंताला थोडं झाकलं असं वाटतं. पण खेळाच्या आधी रंग लावत बसलेला बाबुली पाहताना शंका उरत नाहीत.

मग या माणसाचं सर्वांत मोठं काम कोणतं? चित्रपटवाले गांधी म्हणतील, नाटकवाले हेरंबकर, आणि जुने लोक चिमणराव सोडायला तयार होणार नाहीत. माझं मत आबा टिपरे. गांधींना इतिहासाची, चिमणरावांना चिं. विं.ची आणि हेरंबकरांना अख्ख्या संगीत रंगभूमीची पुण्याई पाठीशी होती. गंगाधर टिपरेंच्या पाठीशी एक वृत्तपत्री सदर आणि पाच माणसांचं घर, एवढंच. तेवढ्यातून दर आठवड्याला एक माणूस उभा राहिला आणि वर्षानुवर्षं खरा वाटत राहिला. मराठी टेलिव्हिजननं विनोदात याहून चांगलं काम अजून केलेलं नाही.